आठ फुटांचा चष्मा

१२ जानेवारी, सोमवार

ही वही ऑफिसच्या दौऱ्यांसाठी आणली होती. स्वतःच्या पैशांनी आणली होती, त्यामुळे तिच्यात खासगी लिहायला हरकत नसावी. तरी पहिली दोन पानं (तेलाच्या दुकानाचे काटे, कापडवाल्याची मीटरपट्टी) फाडून ऑफिसच्या फायलीत लावली. आता वही निर्विवाद माझी.

तर, मी बँड काढणार आहे.

लिहून पुन्हा वाचलं. वाक्यात चूक नाही. वय सेहेचाळीस, हुद्दा वजनमापे तपासनीस, वाद्य अकॉर्डियन, आणि आज दुपारी पावणेचारला मी वाचनालयात धडधडीत खोटं बोलले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, नव्या इमारतीचं उद्घाटन एकवीस मार्चला आहे, भाषणं झाल्यावर वीस मिनिटं संगीत हवंय, कुणी आहे का ओळखीत? मी म्हटलं, "आहे ना. आमचा बँड आहे. चौघांचा." त्यांनी लगेच कागदावर लिहून टाकलं. एकवीस मार्चपर्यंत तीन माणसं मिळाली तर ते खोटं राहणार नाही. नुसतं थोडं वेळेआधी बोललेलं खरं ठरेल. हा युक्तिवाद कितपत प्रामाणिक आहे, यावर विचार करायला हवा. आज नको. आज मी फार खुशीत आहे.

कारणही लिहून ठेवते. कॉलेजात आम्ही चौघं वाजवायचो. संमेलनाला तीन आठवडे असताना आमचा ड्रमवाला म्हणाला, परीक्षा जवळ आल्या, बंद करू या. मी मान्य केलं. संमेलनात ते तिघं वाजवत होते. मी चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. का, ते आजतागायत कळलेलं नाही. मला एकदा, फक्त एकदाच, लोकांसमोर चौघांत बसून शेवटच्या सुरापर्यंत वाजवायचंय.

नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. काचा घरी आणून पुसत बसायची खोड आहे. म्हणाला, "ड्रमवाला मात्र जपून निवड."

"जपूनच निवडणार. माझं कामच आहे ते."

त्यावर तो एकच काच बराच वेळ पुसत राहिला.

१८ जानेवारी, रविवार

एक जागा भरली. क्लॅरिनेट : नणंद. ती शहराची बस चालवते. नात्यातलं माणूस घेतलं असा आरोप नको म्हणून रीतसर परीक्षा घेतली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वहिनी, मी तुझ्या लग्नात वाजवलंय!"

"तेव्हा मी परीक्षक नव्हते."

"नव्हतीस, नवरी होतीस. तरी अकॉर्डियन घेऊन बसलीस. आपण सुरू केलं, आणि लोक ताटावरून उठेपर्यंत तू संपवलंससुद्धा."

नापास करण्यासारखं काही सापडलं नाही. सूर लख्ख, श्वास लांब. वाजवून झाल्यावर तिने एक गंमत सांगितली. बस स्टॉपवर उशिरा पोचली तर नुसती बोलणी बसतात, पण वेळेआधी स्टॉप सोडला तर थेट नोटीस. "उशीर झाला तर लोक वैतागतात गं. पण लवकर सुटलीस तर लोक मागे राहतात." माहिती रोचक आहे. एकदम का सांगितली, कळलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

गिटारही मिळाली! दाढ दुखत होती म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेले, तर आतल्या खोलीत कोपऱ्यात गिटार. घाबरलेल्या मुलांसाठी ठेवली आहे म्हणाले. तोंडात कापूस असल्यामुळे मी खुणेनेच परीक्षा घेतली. दहापैकी साडेआठ गुण. दीड गुण कशाचे कापले हे घरी येताना आठवेना, तेव्हा ते परत दिले.

डॉक्टर फार मृदू माणूस. प्रत्येक वाक्याआधी "थोडंसं दुखेल हं" म्हटल्यासारखा चेहरा करतात.

१ फेब्रुवारी, रविवार

आमच्या पुढच्या खोलीत पहिली तालीम. नाचाच्या वर्गात वाजवणारा एक ड्रमवाला आला होता. माणूस सज्जन, पण हात जड. मी पुढे जाते आणि तो मागे रेंगाळतो. दोनदा थांबवून सांगितलं. दोन्ही वेळा तो नणंदेकडे बघायचा, नणंद छताकडे, आणि डॉक्टर गिटारची खुंटी पिळायचे. पिळण्यासारखं काही नव्हतं.

नाइलाजाने नापास.

८ फेब्रुवारी, रविवार

ड्रमवाला क्रमांक दोन. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. हाही रेंगाळतो! नापास.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मनाला लागून राहिलं. लागोपाठ दोन माणसं मंद कशी निघतील? शंका आली की ताडून पाहावं. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडे टिकटिक करणारं मेट्रोनोम यंत्र आहे, ते लावून वाजवून बघा. आज संध्याकाळी त्याच्यासोबत वाजवलं.

यंत्रही मंद आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मेट्रोनोम ऑफिसात नेलं. (रीतसर अर्ज करून, जेवणाच्या सुट्टीत.) प्रमाणित स्टॉपवॉचशी तीनदा ताडलं. एका सेकंदाचाही फरक नाही. मी चक्रावले.

म्हणजे एकटं असताना ते बरोबर चालतं आणि मी वाजवायला लागले की मंदावतं. अकॉर्डियनच्या भात्याचा वारा लागत असेल का? कंपनं असतील? पुढच्या वेळी दोन मीटर लांब ठेवून बघावं.

नवऱ्याला हा तर्क सांगितला. त्याला जोरात ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

ड्रमवाला क्रमांक तीन. वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. यंत्राशी जुळवलं तर काटेकोर, माझ्याशी जुळवलं तर मंद. यंत्र दोन मीटर लांब होतं. सगळं गूढ आहे. नापास.

तो गेल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, चौथा आणू नकोस. बिचाऱ्याला बायकामुलं असतील."

पाच आठवडे उरलेत. ग्रंथपालबाईंनी छापायला नाव मागितलंय. नावही नाही, ड्रमही नाही. आणि तरी आज भांडी घासताना मी तालमीतली धून तोंडाने वाजवत होते आणि एक बशी फोडली. इतकी मी कधी वेंधळी नव्हते. इतकी खुशीत तरी कधी होते?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नवरा म्हणतो, त्याचं एक गिऱ्हाईक ड्रम वाजवतं. बेकरीवाले काका, साठीचे, पहाटेपासून भट्टीपाशी असतात पण दुपारनंतर मोकळे. "आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला तुझं तू शोधायचंय," म्हणाला. "शिवाय तुझं 'नापास' एकदा तोंडातून निघालं की ते परत घ्यायला अर्ज करावा लागतो."

२२ फेब्रुवारी, रविवार

मिळाला! मिळाला! मिळाला!

(सरकारी वहीत उद्गारचिन्ह मी आजवर वापरलेलं नाही. ही सरकारी वही नाही.)

काका आले, पाठीवर ड्रमचं गाठोडं, मिशीला पीठ. नमस्कार-चमत्कार नाहीत. बसले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "चला बाई, तुम्ही निघा, मी आलोच." आणि आले! मी जिथे जाईन तिथे काका हजर. एक ठोका मागे नाही, पुढे नाही. असा अचूक माणूस मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही. धून संपली तेव्हा आम्ही चौघंही एकाच क्षणी थांबलो आणि मग सगळ्यांनाच हसू फुटलं. डॉक्टरांनी चक्क टाळी दिली, नणंदेने क्लॅरिनेटचा भोंगा केला.

एकच खोड आहे. काका वाजवताना सारखे खाली बघतात. मी ज्या पायाने ताल धरते, त्या बुटाच्या आसपास कुठेतरी. लाजाळू असावेत.

१ मार्च, रविवार

तालीम उत्तम. नवरा मध्येच मोजपट्टी घेऊन आला आणि काकांच्या स्टुलापासून माझ्या खुर्चीच्या पायापर्यंत माप घेऊन गेला. "सतरंजी घ्यायचीय," म्हणाला. आठ फूट. त्याची पट्टी प्रमाणित नाही, पण चूक नगण्य होती.

५ मार्च, गुरुवार

बाजारात पाव घ्यायला गेले तर काकांच्या डोळ्यांवर नवा चष्मा. माझ्या नवऱ्याने करून दिला म्हणाले. मी विचारलं, "लांबचा की जवळचा?"

"लांबचा नाही, जवळचा नाही. आठ फुटांचा."

असल्या नंबराचा चष्मा कोण मागतं? नवऱ्याला विचारायचं राहून गेलं, कारण घरी आले तर नणंद बँडच्या नावांची यादी घेऊन बसली होती. 'शिक्केवाली आणि मंडळी' हे तिचं. (बाजारात मला शिक्केवाली म्हणतात, काट्यांवर शिक्का मारते म्हणून.) मी म्हटलं, माझंच नाव पुढे कशाला, सगळे समान आहेत. ती म्हणाली, "अगं, पुढे तूच असतेस ना." फार हसली. मीही हसले. नाव मंजूर.

सतरंजी काही आलेली नाही.

८ मार्च, रविवार

आज काय झालं ते क्रमाने लिहिते.

काकांना बहिणीकडे परगावी जावं लागलं. जाण्याआधी त्यांनी पाचही धुनींचे आपले ठोके फोनवर रेकॉर्ड करून पाठवले, तालीम बुडू नये म्हणून. फोन मधे ठेवून आम्ही तिघांनी वाजवायला घेतलं. पहिली धून संपली. म्हणजे माझी संपली. फोनमधले काका अजून वाजवत होते.

मी म्हटलं, "काका मंद झाले."

फोनमधून ठोके येतच राहिले, अगदी शांतपणे, पीठ मळल्यासारखे. डॉक्टर जमिनीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर 'थोडंसं दुखेल हं'.

मी विचारलं, "फोन मंद चालतो का?"

नणंद म्हणाली, "वहिनी, फोनला तुझा बूट दिसत नाही."

९ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत, तपासणीच्या खोलीत, अकॉर्डियन मांडीवर घेऊन तपासणी केली. साक्षीदार म्हणून माझी साहाय्यक. तिला सांगितलं, "समोर कोण आहे ते विसर आणि काट्यासारखं तपास."

"काटा वाजत नसतो मॅडम," ती म्हणाली, पण स्टॉपवॉच घेतलं.

मेट्रोनोमप्रमाणे धुनीची खरी लांबी : दोनशे चाळीस सेकंद.
पहिली वेळ : दोनशे एकोणतीस.
दुसरी वेळ : दोनशे सव्वीस.
तिसरी वेळ (मुद्दाम सावकाश) : दोनशे पंचवीस.

साहाय्यक म्हणाली, "मॅडम, सावकाश केलंत की जास्तच पळता."

चौदा वर्षं मी दुकानदारांना एक नियम वाचून दाखवत आले आहे : तपासणाऱ्याने आधी स्वतःचं माप तपासलेलं असावं. आणि मी तीन चांगली माणसं नापास केली, ती कुठल्या मापाने? एका यंत्राला वारा लागतो असंही ठरवून टाकलं. नियमानुसार प्रत्येक काट्याला थोडी चूक माफ असते. अकरा, चौदा, पंधरा सेकंद माफीत बसत नाहीत.

चौथ्या रांगेत बसून टाळ्या का वाजवाव्या लागल्या, ते सव्वीस वर्षांनी कळलं.

१० मार्च, मंगळवार

तिन्ही ड्रमवाल्यांना माफीची पत्रं लिहून हातोहात पोचवली. निकाल बदलून 'उत्तीर्ण' केला. वॉशिंग मशीनवाल्याने लगेच फोन केला. म्हणाला, "अहो बाई, माफी कसली? आम्हाला वाटलं तुमचा बँड त्याच वेगाचा असतो. मजा आली पण. दोन दिवस दंड दुखत होते."

मग धीर करून कॉलेजातल्या ड्रमवाल्याला फोन लावला. सव्वीस वर्षांत आमचं बोलणं नाही. मी म्हटलं, "मी घाई करायचे, म्हणून ना?"

मग तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "तुला आता कळलं? आम्ही तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या गं, तुला कोणी सांगायचं म्हणून. माझी निघाली. जिन्यात आठ वेळा वर-खाली केलं आणि 'परीक्षा आहेत' म्हणून पळालो. आयुष्यात मी एवढा कधी घाबरलो नाही, लग्नातसुद्धा."

मी चिडायला हवं होतं. चिडण्याची वाट पाहिली. आलं ते हसू.

१३ मार्च, शुक्रवार

सगळ्यांना घरी बोलावलं. काकाही परत आले होते. मी तपासणीचा निकाल वाचून दाखवला आणि म्हटलं, सदोष माप बाजारात ठेवता येत नाही. मी बाजूला होते. वॉशिंग मशीनवाल्याला घ्या, तो हार्मोनियमही वाजवतो, काटेकोर आहे. वाचनालयाचा शब्द मोडायला नको. हे सगळं मी नीट, न अडखळता वाचलं. तेही पटापट वाचलं असं नंतर नणंद म्हणाली.

मग मी विचारलं, "तुम्हा सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं?"

"मला लग्नापासून," नणंद.

"मला दाढेपासून," डॉक्टर म्हणाले. "कापूस तोंडात होता, पण बोट खुर्चीच्या हातावर ताल धरत होतं. सांगणार होतो हो. पण तुम्ही इतक्या आनंदात होता!"

"आणि तुला?"

नवरा म्हणाला, "मी तर तुझ्यासोबत चालायला जातो. रोज. पंधरा पावलं मागून."

मग काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, मी चाळीस वर्षं पाव भाजतोय. घड्याळ भिंतीवर आहे, पण मी त्याच्याकडे बघत नाही. पीठ केव्हा फुगायचं ते पीठ ठरवतं. थंडीत हळू, उन्हाळ्यात झपाट्याने. मी पिठाकडे बघतो. इथे मी तुमच्या बुटाकडे बघतो. आधी नीट दिसत नव्हता, तर ह्यांनी नंबर काढून दिला." नवऱ्याकडे हात केला. "आता बूटच काढून नेणार असाल तर मी ह्या चष्म्याचं काय करू? ह्याने पावसुद्धा दिसत नाही धड."

आठ फूट. सतरंजी! मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"पण मी चुकते," मी म्हटलं.

"मग आम्हीही तेवढंच चुकू," नणंद म्हणाली. "पण एक अट आहे. ते काळे बूट घालू नकोस. पिवळे घाल. मलाही दिसायला हवेत."

एकाच मापाने चुकणारे चार काटे बाजारात असतील तर त्यांना पास करावं का? नियमात याचं उत्तर नाही. मी शोधलं.

१८ मार्च, बुधवार

पिवळे बूट मिळाले. सेहेचाळिसाव्या वर्षी असे बूट! घरातल्या घरात घालून तीन फेऱ्या मारल्या. नवरा म्हणाला, "अंधारात रस्ता सापडेल."

शनिवारसाठी ऑफिसातून प्रमाणित स्टॉपवॉच घरी नेण्याचा अर्ज दिला. किती सेकंद गेले ते निदान कळावं. मंजूर झाला.

२१ मार्च, शनिवार

झालं.

क्रमाने लिहायला हवं, पण क्रम आठवत नाही. भाषणं लांबली. नव्या कपाटांना अजून रंगाचा वास होता. मी हात धुऊन आले, परत धुऊन आले. नणंद गणवेशातच होती, फेरी संपवून थेट आली होती. स्टॉपवॉच नवऱ्याच्या हातात देऊन म्हटलं, पहिल्या सुराला चालू कर, शेवटच्या सुराला बंद. ही जबाबदारी आहे.

"बरं," म्हणाला.

मी निघाले, आणि हे तिघं आले. दुसऱ्या धुनीत मला स्वतःलाच कळलं की मी सुटले आहे, उताराला लागले आहे, आणि मी घाबरून मान वर केली. काका चष्म्यातून माझ्या बुटाकडे बघत होते, मिशीत हसत. डॉक्टर बुटाकडे. नणंद बुटाकडे, गाल फुगवलेले, डोळे नाचत असलेले. तिघंही माझ्यासोबत धावत होते. मग मी घाबरायचं सोडून दिलं. पाचव्या धुनीत तर पहिल्या रांगेतली एक आजी खुर्चीतच उड्या मारत होती. शेवटचा सूर. चौघांचा. एकाच जागी.

ग्रंथपालबाई घड्याळ बघत आल्या. "वीस मिनिटं ठरली होती ना? अजून आहेत की. अजून एक वाजवा!" मग पहिलीच पुन्हा वाजवली. ती पहिल्या वेळेपेक्षा लवकर संपली असावी.

बाहेर पायऱ्यांवर नणंदेने टोपी हवेत उडवली. "आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी स्टॉप सोडला, वहिनी! आणि एकही पॅसेंजर मागे राहिला नाही!"

नवऱ्याला विचारलं, "किती?"

त्याने स्टॉपवॉच पुढे केलं. शून्य.

"मी चालूच केलं नाही," म्हणाला. "विसरलो. बघत होतो."

२३ मार्च, सोमवार

स्टॉपवॉच ऑफिसच्या कपाटात जमा केलं. रजिस्टर भरताना हात अडला. 'कशासाठी नेले' या रकान्यात 'बँड' लिहिलं. खरं तेच. 'वाचन', म्हणजे मोजलेला वेळ, या रकान्यात काय लिहावं? रकाना रिकामा सोडता येत नाही, आणि अंदाजाने आकडा टाकणं माझ्याच्याने होणार नाही.

'घेतले नाही,' असं लिहिलं, खाली सही केली. साहाय्यकेने वाचलं आणि टेबलाखाली वाकून बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "आज ऑफिसला पिवळे बूट?"